आमच्या व्याह्यांचं लॅटिन

लॅटिन ही मृत भाषा आहे असं जे कोणी सांगतात, त्यांनी एकदा सकाळी साडेसहाला रंकाळ्यावर यावं आणि आमच्या व्याह्यांच्या तावडीत सापडून बघावं. मेलेलं माणूस एवढा त्रास देत नाही, भाषा कुठून देईल? गेली सहा वर्षं ही भाषा रोज सकाळी माझ्याबरोबर रंकाळ्याला फेरी मारते, कट्ट्यावर बसून माझ्या वाटणीची बिस्किटं खाते, सणावाराला माझ्या घरी जेवायला येते आणि ताटातल्या भाजीचं कुळ सांगून मगच पहिला घास घेते. मी उद्यमनगरात पस्तीस वर्षं मोटारी रिवाइंड केल्या. तांब्याची तार आणि जळक्या वार्निशचा वास, एवढंच माझं जग. धंदा पोराच्या हाती दिला तेव्हा वाटलं होतं, आता निवांत पेपर वाचावा, दुपारी झोपावं, चार लोकांत बसून राजकारणावर भांडावं. त्याऐवजी वयाच्या पासष्टाव्या वर्षी मी गुलाबाच्या फुलाला विभक्ती लावायला शिकलो. "रोझा, रोझाए, रोझाम." दुपारच्या झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. आमच्या हिनं एकदा खरंच उठवलं होतं, तर म्हणे मी घोरता घोरता षष्ठीत शिरलो होतो.

बरं, शेजारी असता तर भांडलो असतो. मित्र असता तर कोल्हापुरी पद्धतीनं दोन शिव्या हासडून मोकळा झालो असतो. पण माणूस पडला व्याही. त्यांच्या घरात माझी लेक नांदते. मुलीच्या सासऱ्याला "आता बास करा" हे कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यामुळे मी सहा वर्षं ऐकतोय. मान डोलावतोय, आणि घरी येऊन हिच्यावर करवादतोय.

व्याही इथल्याच एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मूळचे जयसिंगपूरकडचे, जैन शेतकऱ्याच्या घरातले. उंच, सडपातळ, खिशात कायम एक भिंग आणि काखेत जुना पेपर. पेपर वाचायचा नाही, त्यात पाला दाबायचा. त्यांचा मुलगा आणि माझी मुलगी एकाच ऑफिसात होते आणि परस्परच ठरवून मोकळे झाले होते, त्यामुळे दोन्ही घरांची पहिली बैठक आमच्याकडे भरली तेव्हा वातावरण तंग होतं. त्यांच्याकडं कांदा-लसूण चालत नाही, आमच्याकडं रविवारी तांबडा रस्सा नसेल तर माणसं आजारी पडतात. माझा मेहुणा तर हरकत घ्यायची या तयारीनंच आला होता. त्यानं घसा खाकरला, आणि तेवढ्यात व्याह्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या कुंडीकडं गेलं. आमची ही ज्याला मनीप्लांट म्हणते ते त्यात होतं. व्याही उठले, कुंडीसमोर उकिडवे बसले, भिंग काढलं आणि त्या वेलाचं लॅटिन नाव सांगितलं. मग त्याचं आधीचं नाव. मग त्याच्या आधीचं. नाव का बदललं, कुणी बदललं, त्यात व्याकरणाची चूक कशी होती, असं पाऊण तास चाललं. चहावर साय धरली, पोहे गार झाले. शेवटी मेहुणाच हात जोडून म्हणाला, "आमची काय हरकत न्हाय बघा. तारीख काढा." माझ्या मुलीचं लग्न केवळ समोरची मंडळी थकल्यामुळं जमलं हे मी आजही चारचौघांत सांगतो.

या लॅटिनच्या मागं एक दुखणं आहे, ते मला लग्नानंतर वर्षभरानं कळलं. तरुणपणी, कॉलेजात नवे नवे लागलेले असताना, व्याह्यांना पन्हाळ्याच्या एका कड्याखालच्या टप्प्यावर एक रोप सापडलं होतं. करंगळीएवढं. श्रावणात खडकावरच्या बोटभर मातीत उगवायचं, दहा-बारा दिवस निळसर फुलायचं आणि भाद्रपद उलटायच्या आत वाळून जायचं. त्यांनी पुस्तकं पालथी घातली, मोठमोठ्या लोकांना विचारलं. जगात कुणीच त्याची नोंद केलेली नव्हती. नव्या वनस्पतीला नाव द्यायचं तर त्या काळी नियम असा होता की तिचं वर्णन लॅटिनमध्येच लिहायचं, नाहीतर ते नाव धरलंच जात नाही. व्याह्यांनी शब्दकोश घेऊन आठवडाभर खपून चार ओळी लिहिल्या आणि एका बड्या विद्वानाकडं पाठवल्या. कागद परत आला तो लाल शाईनं माखून. खाली शेरा होता की आधी भाषा शिका, मग झाडांना नावं ठेवा. हे त्यांच्या इतकं जिव्हारी लागलं की त्यांनी तो कागद कपाटात टाकला, आणि मग पोरंबाळं, पेपर तपासणी, प्रॅक्टिकल यात तीस वर्षं गेली. जपून ठेवलेल्या रोपांचा कॉलेजच्या कपाटात कसरीनं खाऊन भुगा केला. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी लॅटिनचं व्याकरण पहिल्या पानापासून उघडलं. आणि ते पुरतं मुखोद्गत होईतो तिकडं नियमच सैल झाला. आता इंग्रजीतल्या वर्णनावरही भागतं.

"मग झालं की!" मी आनंदानं म्हणालो. मला त्यात माझी सुटका दिसत होती. "इंग्रजीत लिवा आणि द्या धाडून."

"पावणं," ते म्हणाले, "त्या शेऱ्याला उत्तर लॅटिनमधीच जाणार."

वर्णन लिहून तयार होतं. एकच गोष्ट नव्हती: ताजं, फुलावर आलेलं, मुळापासूनचं रोप. ते वाळवून कायमचं जपून ठेवल्याशिवाय नाव देता येत नाही, हा नियम मात्र तसाच होता. टप्पा निसरडा, व्याह्यांचा गुडघा कुरकुरायला लागलेला, आणि फूल दहाच दिवस. कधी पावसानं वाट बंद, कधी कड्यावर पोचेपर्यंत फुलं गळलेली, असं एकेक साल हातचं जात होतं. या एका रोपाला आपल्या हयातीत नाव मिळावं एवढीच त्या माणसाची इच्छा होती, आणि तोवर भाषा गंजू नये म्हणून तिची रोजची घासपूस माझ्यावर चालायची.

एकट्यानं मार खाणं मला परवडेना, म्हणून मी आमच्या फेरीतल्या आणखी दोघांना यात ओढलं. एक वकील, अजून कोर्टात जाणारे, आणि दुसरे तात्या, ज्यांचे दोन टेम्पो आहेत आणि ज्यांचं पोट त्या दोन्हींच्या पुढं चालतं. तात्यांना नेसरीच्या शाळेतून मास्तरांनी चौथीतच घरी पाठवलं होतं, त्यामुळे ते दोन दिवसांत पळतील असा माझा हिशेब होता. झालं उलटंच. तात्यांना लॅटिन गूळ लागल्यासारखं गोड लागलं. "लई दमदार भाषा हाय," ते म्हणायचे, "शिवी न देता शिवी दिल्यागत वाटतंय." त्यांनी टेम्पोच्या मागं, आईवडिलांच्या कृपेच्या खाली, मोठ्या पिवळ्या अक्षरांत 'लेंते' असं रंगवून घेतलं. याचा अर्थ हळू. पेट्रोल पंपावर माणसं त्यांना विचारायची, "ह्ये कुठलं देवस्थान वो?" आणि तात्या गंभीरपणे सांगायचे, "रोमचं."

वकिलांचं मात्र पहिल्याच दिवशी वाजलं. त्यांना वाटत होतं की कोर्टामुळं आपल्याला निम्मं लॅटिन येतंच. त्यांनी ऐटीत "सुओ मोटो" म्हटलं आणि व्याह्यांनी जागच्या जागी चालणं थांबवलं. "मोतू," ते म्हणाले. "सुओ मोतू." वकील म्हणाले, गेली चाळीस वर्षं न्यायाधीशापासून पट्टेवाल्यापर्यंत सगळे मोटो म्हणतात. व्याही म्हणाले, चाळीस वर्षं सगळे चुकतात. वकिलांचा आवाज चढला. "सर, माझ्या मोटोनं कोल्हापुरात किती जणांना स्टे मिळालाय! तुमच्या मोतूनं एकाला तरी मिळालाय का?" यावर व्याह्यांनी फक्त "एहेउ" असा एक उसासा टाकला. 'एहेउ' म्हणजे अरेरे. आमच्या चुका झाल्या की एहेउ, आणि चुकून एखादी गोष्ट बरोबर आली की "ओप्तिमे!" म्हणून हस्तांदोलन. ते हस्तांदोलन मात्र इतकं जोरात आणि इतक्या आनंदानं असायचं की माणसाला दिवसभर आपण काहीतरी केलं असं वाटत राहायचं. पस्तीस वर्षांत मोटार दुरुस्त करून दिल्यावर माझा हात कुणी असा हातात घेतला नव्हता, हेही सांगून टाकतो.

आम्ही कुरकुर केली की त्यांचं एक ठरलेलं उत्तर होतं. ब्रह्मपुरीच्या टेकाडात उकरताना रोमची मूर्ती सापडली, ती इथल्या संग्रहालयात आहे. म्हणजे पंचगंगेच्या काठाला रोमशी व्यवहार होता, म्हणजे घाटावर लॅटिन बोलणारं कुणीतरी नक्की उतरलं असणार, म्हणजे ही भाषा परकी नाहीच. मी एकदा म्हटलं की मूर्ती आली म्हणून व्याकरण कशाला यायला पाहिजे. त्यावर ते म्हणाले, "मूर्ती काय मुकी आलती?"

त्यांनी आम्हाला लावलेला सगळ्यात वाईट नाद म्हणजे माणसांची वर्णनं. वनस्पतीचं लॅटिन वर्णन एका साच्यात असतं: अमुक खोडाची, तमुक पानांची, अशा रंगाच्या फुलांची. त्या साच्यात आम्ही रंकाळ्यावरची माणसं बसवायची. समोरून एखादे गृहस्थ आले की व्याही हळूच म्हणायचे, "चला, वकील." आणि वकील ओठ न हलवता म्हणायचे, "होमो, कापिते ग्लाब्रो, वेंत्रे रोतुंदो." म्हणजे तुळतुळीत डोक्याचा, गोल पोटाचा मनुष्य. लगबगीनं जाणाऱ्या बाई दिसल्या की मी, "फेमिना, काल्केइस रुब्रिस." लाल बुटांची स्त्री. चार म्हातारे एका रांगेत उभे राहून पुटपुटतात म्हणून लोकांना वाटायचं आम्ही कसलं तरी स्तोत्र म्हणतोय. एक आजीबाई तर रोज आम्हाला नमस्कार करून जायच्या. एकदा वकील एका केसची हकिगत सांगत सुटले, ती तीन फेऱ्या झाल्या तरी संपेना. तात्या बराच वेळ आकाशाकडं बघत, बोटं मोजत चालले होते. मग एकदम थांबून, वकिलांकडं बोट करून, खड्या आवाजात म्हणाले, "होमो, लिंग्वा लोंगिसिमा!" अत्यंत लांब जिभेचा मनुष्य. विभक्तीसकट बिनचूक. व्याह्यांनी तात्यांना मिठी मारली. मिठी पुरती बसेना, तरी मारली. वकील "ही बदनामी हाय" म्हणत तरातरा पुढं निघून गेले आणि चहाच्या गाड्यावर आमच्यासाठी थांबून राहिले. मी चिडलेला होतो, मला दुपारी बँकेत जायचं होतं, पण त्या दिवशी मी हसून हसून कट्ट्यावर बसलो हे नाकारत नाही.

गेल्या श्रावणात मग एकदाचा योग आला. चार दिवस पावसानं उघडीप दिली आणि व्याह्यांनी सकाळी सहालाच फोन केला, "होदिए!" म्हणजे आज. तात्यांनी टेम्पो काढला. पन्हाळ्यावर पोचलो, कड्यापाशी उतरलो, पण वरनं खाली बघताच व्याह्यांचा गुडघा नाही म्हणाला. त्यांनी खाली झुकून बोटानं टप्पा दाखवला, खिशातला चित्राचा कागद आमच्या हातात दिला आणि दहा वेळा बजावलं. "दोन रोपं. मुळासकट. दोनच." मुळासकट उपटणं त्यांना घरच्या संस्कारानंही जड जायचं, म्हणून ते दोनवर अडून होते. वकील त्यांच्याजवळ थांबले. मी आणि तात्या बसत-घसरत खाली गेलो. आणि तिथं ती रोपं खरोखर होती, खडकाच्या एका खोबणीत, निळी, वाऱ्यावर लवणारी. तात्यांना भरून आलं. "सरांनी एवढी वर्सं वाट बघितली," ते म्हणाले, "आणि दोनच न्यायची? आपण काय भिकारी हाय व्हय? घ्या की भरपूर!" आमच्या कोल्हापुरात पाहुण्याला एकच भाकरी वाढली तर तो अपमान असतो. मलाही ते पटलं. आम्ही चांगली ओंजळभर उपटली, सतरा-अठरा तरी असतील. वर आल्यावर व्याह्यांनी ती बघितली. त्यांचा चेहरा आधी उजळला, मग जरा उतरला. त्यांनी ओल्या पेपरात पुडकं बांधलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "पावणं, सांभाळा." टेम्पोत पुढं तात्या आणि वकील, मागच्या सीटवर मी आणि व्याही. व्याही गुडघ्याच्या दुखण्यानं आणि समाधानानं डोळे मिटून बसले होते.

आता पुढचं सांगताना अजून माझ्या अंगाला घाम फुटतो. निवृत्त झाल्यापासून आमच्या घरात भाजी निवडण्याचं खातं माझ्याकडं आहे. रोज सकाळी ही माझ्यासमोर पेपर पसरते, त्यावर मेथी नाहीतर पोकळा टाकते, आणि मी टीव्हीकडं बघत बघत निवडतो. बघावं लागत नाही, हात आपोआप चालतात. पाला एकीकडं, मुळं-दांडे दुसरीकडं. टेम्पो घाटाची वळणं उतरत होता, पुढं वकिलांची एका भाऊबंदकीच्या दाव्याची गोष्ट रंगली होती, मी कान देऊन ऐकत होतो, मांडीवर पेपर होता, पेपरवर हिरवा पाला होता. टेम्पो गावात शिरला तेव्हा तात्यांनी मागं वळून माझ्या मांडीकडं बघितलं आणि करकचून ब्रेक मारला. "अण्णा! ह्ये काय करून ठेवलंस?"

मी खाली बघितलं. मांडीवर पेपरात पानांचा एक छोटा, स्वच्छ निवडलेला ढीग होता. एकही किडकं पान नव्हतं. मुळं, दांडे, फुलं मी वाटेत एकेक करून खिडकीतनं बाहेर टाकली होती.

व्याह्यांनी डोळे उघडले. त्या ढिगाकडं बघितलं. त्यांनी मला मारलं असतं तरी चाललं असतं. पण मी त्यांचा व्याही. त्यांनाही मला काही बोलता येईना, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं. ती पानं त्यांनी नीट गोळा केली, पेपराची घडी घातली आणि काखेत धरली. "जाऊ दे," एवढंच म्हणाले. एहेउसुद्धा नाही. आम्ही तिथल्या तिथं टेम्पो फिरवून घाट पुन्हा चढायचा म्हणत होतो, तोवर पावसाची सर आली आणि वाट बंद झाली ती पुढं पंधरा दिवस. फुलं गेली.

त्यानंतर महिनाभर व्याही फिरायला येत होते, पण लॅटिन बोलत नव्हते. हवामान, गुडघा, नातवाचा खोकला, असं चारचौघांसारखं बोलायचे. मला जे इतकी वर्षं हवं होतं ते आयतं मिळालं होतं, आणि मला करमेना. समोरून कुणी गोल पोटाचा मनुष्य आला की आम्ही तिघं आशेनं त्यांच्याकडं बघायचो, ते पाण्याकडं बघत चालायचे. एका सकाळी मीच न राहवून मोठ्यानं सप्तमी सगळी चुकीची म्हटली, मुद्दाम. लॅटिनला सप्तमी जवळजवळ नाहीच, हे त्यांनीच शिकवलं होतं. ते चार पावलं गेले, थांबले, आणि त्यांच्याच्यानं राहवेना. "एहेउ, पावणं," ते म्हणाले. मला इतकं बरं वाटलं की चहा मी पाजला.

यंदा श्रावण लागायच्या आधीच डॉक्टरांनी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन केलं आणि चढउताराला कायमची बंदी घातली. टेम्पोत घाटाचे धक्के खात कड्यापर्यंतसुद्धा जायचं नाही. तेव्हा आम्ही तिघं गेलो. यावेळी वकीलही धोतरवजा लुंगी खोचून खाली उतरले. मी हात धुऊन, सोबत लाकडी फळ्या, कोरे कागद, सगळं व्याह्यांनी सांगितल्यासारखं घेऊन गेलो होतो आणि ते पुडकं मांडीवर घ्यायचं नाही असं तात्यांनी आधीच बजावलं होतं. टप्प्यावर दोन-तीन तऱ्हेची निळी फुलं होती. फोटो पाठवायचा म्हटला तर रेंज तेवढी नव्हती, नुसता आवाज जात होता. मग व्याह्यांनी फोनवर विचारायला सुरुवात केली. मराठीत निळं म्हटलं तर चौघांचं निळं चार तऱ्हेचं, म्हणून लॅटिनमध्ये. "फोलिया?" ते विचारायचे. पानं? तात्या पोटावर पालथे पडून बघायचे आणि सांगायचे, "ओपोसिता!" समोरासमोर. खोड? "पिलोसुस!" लवदार. फुलाचा रंग, पाकळ्यांची संख्या, देठाची लांबी. आम्ही तिघं त्या ओल्या खडकावर ओणवे होऊन ओरडून उत्तरं देत होतो, आणि एकदाही कुणी चुकलं नाही. मग व्याह्यांचा आवाज आला, बारीक, "तीच ती. तीच हाय."

तात्यांनी शिट्टी मारली. वकिलांनी माझ्या पाठीत गुद्दा घातला. मी फळी उघडली. तेवढ्यात व्याह्यांनी विचारलं, "क्वोत?" किती?

आम्ही मोजली. पुन्हा मोजली. तात्या खालच्या कपारीपर्यंत जाऊन आले.

"चार," मी म्हणालो. लॅटिन आठवत होतं, पण तोंडातून मराठीच आलं.

"चारच?"

"चारच, सर. सगळं बघून झालं."

ते म्हणाले, "मग ऱ्हाऊ द्या."

"आवो, एकच घेतो की!" मी ओरडलो. "एकानं काय हुतंय? वर्णन तयार, कागद तयार, सगळं तयार हाय. एवढ्यासाठीच आलोय आम्ही!"

"पावणं, वर्साची वनस्पती हाय ती. बी पडलं तर पुढच्या साली उगवती, न्हायतर संपली. गेल्या साली आपण ओंजळभर काढली, बी धरायच्या आत. म्हणून ह्या चारच ऱ्हायल्यात. आता हात लावू नका."

"पण मग नावाचं काय?" हे तात्यांनी विचारलं. त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

"नाव नव्हतं तवापण उगवतच हुती की," व्याही म्हणाले. "मी असंन तवर वाढल्या तर बघू. न्हाय वाढल्या तर न्हाय."

आम्ही तिघं तिथंच खडकावर बसलो. ज्या माणसाच्या नावानं मी सहा वर्षं खडे फोडले, त्याचं सगळ्या आयुष्याचं काम माझ्या बोटांनी मोडलं होतं आणि तो मला एका शब्दानं बोलत नव्हता. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. वकील, ज्यांना गोष्ट संपवणं माहीत नाही, ते लुंगीचं ओलं टोक पिळत बसले.

"गेला काय तुम्ही?" फोनमधून आवाज आला.

"न्हाय. हाय की हितंच."

"मग जरा बसा. मला आता काय तिथं यायला जमणार न्हाय. कशी दिसतीया ते सांगा."

"फोलिया ओपोसिता..." मी सुरुवात केली.

"ते न्हाय वो. ते मला पाठ हाय. नुसतं सांगा, कशी दिसतीया."

मी त्या चार रोपांकडं बघितलं आणि जमेल तसं सांगायला लागलो. की वारं आलं की चारी एकदम वाकतात, पण एक बारकी आहे ती जरा उशिरा वाकते. की फुलावर पाण्याचा एक थेंब आहे, तो पडत नाही. की मागं सगळं धुकं आहे आणि खाली शेतं दिसत नाहीत. पलीकडून ते मधूनच "व्हय" म्हणत होते, आणि मी सांगत राहिलो.